कागदावरची अश्वशक्ती

१९६८च्या फेब्रुवारीत कॅलिफोर्नियातल्या पोमोना इथे फोर्ड कंपनीने आपल्या मस्टँग गाड्या नव्या इंजिनासह शर्यतीत उतरवल्या. इंजिन ४२८ घन इंचांचं, नाव ‘कोब्रा जेट’ आणि कंपनीने जाहीर केलेली ताकद ३३५ अश्वशक्ती. हा आकडा खरा नाही हे फोर्डला ठाऊक होतं, प्रतिस्पर्ध्यांना ठाऊक होतं आणि शर्यत भरवणाऱ्यांनाही ठाऊक होतं. त्या आठवड्याअखेर अल जोनिएकने यातल्याच एका मस्टँगवर ‘सुपर स्टॉक’ गटाचं विजेतेपद नेलं.

गाडीची ताकद फुगवून सांगणं हा मोटारी विकणाऱ्यांचा पिढीजात धंदा. इथे मात्र कंपनी हातचं राखून सांगत होती. याचं एक कारण विमा कंपन्या. जास्त अश्वशक्तीच्या गाडीचा हप्ता तरुण गिऱ्हाइकाला परवडेनासा झाला होता. दुसरं कारण शर्यतीच्या नियमपुस्तकात होतं, आणि आपल्याला कामाचं आहे ते हेच.

ड्रॅग रेसिंगमध्ये दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहतात आणि सरळ पाव मैल, म्हणजे १३२० फूट, आपल्या मापात सुमारे ४०२ मीटर पळतात. वळण नाही, फेरी नाही, दहा-पंधरा सेकंदांत निकाल. यातल्या ‘स्टॉक’ गटात दुकानातून विकत घेतलेली साधी गाडी पळवायची. पण साध्या गाड्याही सारख्या नसतात. सहा सिलिंडरची रॅम्बलर आणि आठ सिलिंडरची शेवरोले यांना एका दोरीत बांधून चालत नाही. म्हणून त्यांचे वर्ग पाडले गेले, आणि ते पाडायला एक साधा भागाकार वापरला गेला : कंपनीने जाहीर केलेलं वजन भागिले कंपनीने जाहीर केलेली अश्वशक्ती. समजा गाडी ३४०० पौंडांची आहे आणि इंजिन ४०० अश्वशक्तीचं, भागाकार साडेआठ. तेच इंजिन कागदावर ३४० चं दाखवलं की भागाकार दहा, आणि गाडी जाऊन बसली खालच्या, सोप्या वर्गात. बोनेटखाली एक नटही फिरवायला नको. स्टॉक गटाच्या पुढच्या साठ-सत्तर वर्षांतल्या बहुतेक भांडणांचं मूळ या भागाकारात आहे.

हा खेळ रस्त्यावर जन्मला आणि विमानांच्या धावपट्ट्यांवर वाढला. दुसरं महायुद्ध संपल्यावर दक्षिण कॅलिफोर्नियात लष्कराच्या ओस पडलेल्या धावपट्ट्या होत्या, स्वस्त जुन्या गाड्या होत्या आणि लष्करात यंत्रं हाताळून परतलेली पोरं होती. सँटा ॲना इथल्या विमानतळावर १९५० मध्ये सी. जे. हार्ट – सगळे त्यांना ‘पॅपी’ म्हणत – यांनी तिकीट लावून ड्रॅग शर्यती भरवायला सुरुवात केली. (लोणावळ्याजवळच्या ॲम्बी व्हॅलीतही अशा शर्यती धावपट्टीवरच होतात. सरळ, लांब, सपाट आणि रिकामी जागा दुसरीकडे मिळणार कुठे?) १९५१ मध्ये ‘हॉट रॉड’ मासिकाचे संपादक वॉली पार्क्स यांनी नॅशनल हॉट रॉड असोसिएशन ही संघटना काढली. तिला सगळे एनएचआरए म्हणतात. हायवेवर जीव धोक्यात घालणाऱ्या मुलांना पोलिसांच्या आधी आपण गाठायचं आणि नियमांच्या चौकटीत आणायचं, हा पार्क्स यांचा हेतू.

सुरुवातीला या मंडळींच्या लेखी स्टॉक गाड्यांना फारशी किंमत नव्हती. मान होता तो घरी सांगाडे जोडून बनवलेल्या बिनझाकणी गाड्यांना. स्टॉक गट म्हणजे हौशे-नवशे. पण प्रेक्षक ज्या गाडीतून मैदानावर यायचा तीच गाडी त्याला स्टॉक गटात पळताना दिसायची, आणि ती जिंकली की त्याला आपण जिंकल्यासारखं वाटायचं. हे एनएचआरएच्या आधी गाड्यांच्या विक्रेत्यांनी हेरलं. ‘रविवारी जिंका, सोमवारी विका’ हे त्यांचं ब्रीद झालं.

कंपन्यांना मात्र उघडपणे यात पडता येत नव्हतं. १९५७ मध्ये अमेरिकी मोटार उत्पादकांच्या संघटनेने शर्यतींना पाठिंबा न देण्याचा ठराव केला होता. त्यावर पळवाटही लगेच निघाली : शर्यतीचे सुटे भाग ‘पोलिसांच्या गाड्यांसाठी’ किंवा ‘खास मागणीवरून’ म्हणून यादीत टाकायचे आणि विक्रेत्यांच्या काउंटरवर ठेवायचे. १९६० मध्ये डेट्रॉइटला झालेल्या राष्ट्रीय स्पर्धेत ‘टॉप स्टॉक’चा किताब जिम वँगर्स यांनी पॉन्टियाक कॅटलिनावर जिंकला. गाडी मिशिगनमधल्या ‘रॉयल पॉन्टियाक’ या विक्रेत्याची आणि वँगर्स हे पॉन्टियाकचं काम पाहणाऱ्या जाहिरात संस्थेतले गृहस्थ. कंपनी नामानिराळी, आणि चालकाच्या आसनावर कंपनीचाच जाहिरातवाला! त्या वेळी अशी भारी स्टॉक गाडी पाव मैलाला चौदा सेकंदांच्या थोडं वर घेत असे.

पुढच्या चार वर्षांत जे झालं त्याला शर्यतीपेक्षा शस्त्रस्पर्धा म्हणणं बरोबर होईल. १९६१च्या हिवाळी स्पर्धेत पोमोनाला शेवरोलेचं नवंकोरं ४०९ घन इंचांचं इंजिन आलं. अंतिम लढत ४०९ विरुद्ध ४०९ अशीच झाली. डॉन निकोल्सनने फ्रँक सँडर्सला हरवलं, वेळ १३.५९ सेकंद. डायनामोमीटरवर गाडी चढवून ट्यूनिंग करण्यात निकोल्सन वाकबगार होता, म्हणून तो ‘डायनो डॉन’. पुढच्याच वर्षी बीच बॉईजनी या इंजिनावर गाणं काढलं. मोटारीच्या इंजिनाचा आकडा पोरांच्या तोंडी गाणं म्हणून बसावा, एवढी ती हवा होती.

१९६१च्या उन्हाळ्यात एनएचआरएला एका नव्या त्रासाने गाठलं. राष्ट्रीय स्पर्धेच्या तोंडावर कंपन्या नवे भाग बाजारात सोडत. विक्रेत्याकडे यादीत नाव असायचं, पण प्रत्यक्ष भाग असायचा फक्त चार-दोन लाडक्या चालकांकडे. मग ती गाडी ‘दुकानातली’ कशी म्हणायची? संघटनेने तात्पुरता तोडगा म्हणून ‘ऑप्शनल सुपर स्टॉक’ असा वेगळा वर्गच काढला. पुढे नियम झाला, की सुपर स्टॉकमध्ये यायचं तर कंपनीने ठरावीक संख्येने तशा गाड्या बनवून विक्रीला ठेवल्या पाहिजेत. ही संख्या बराच काळ पन्नास होती. नियम करणाऱ्यांना वाटलं असणार, पन्नास गाड्या बनवण्याचा खर्च कोण करेल? कंपन्यांनी आनंदाने केला.

क्रायस्लरकडे तर इंजिनिअरांचंच एक मंडळ होतं. ‘रॅमचार्जर्स’ या नावाने कंपनीतले तरुण अभियंते नोकरीचे तास संपले की शर्यतीच्या गाड्यांवर झटायचे. त्यांच्यातले टॉम हूवर पुढे ४२६ हेमी इंजिनाचे जनक म्हणून ओळखले गेले. अनुभवी चालकांचा हाताने टाकायच्या गिअरवरच भरवसा असताना या मंडळींनी बटणं दाबून चालणारा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स शर्यतीत जिंकून दाखवला. १९६२ मध्ये टॉम ग्रोव्हच्या ‘मेलरोज मिसाइल’ या ऑटोमॅटिक प्लिमथने बारा सेकंदांची भिंत फोडली; ११.९३. म्हणजे दोन वर्षांत दोन सेकंदांहून जास्त कमाई. ड्रॅग रेसिंगमध्ये सेकंदाच्या दहाव्या हिश्शासाठी माणसं हिवाळाभर गॅरेजात राबतात, हे लक्षात घेतलं की या दोन सेकंदांचं वजन कळतं.

१९६३च्या जानेवारीत जनरल मोटर्सच्या वरिष्ठांनी आपल्या सगळ्या विभागांना शर्यतीतून हात काढून घ्यायला लावला. शेवरोले आणि पॉन्टियाक अधिकृतपणे बाहेर पडले आणि मैदान फोर्ड-क्रायस्लरला मोकळं झालं. त्यातून १९६४ची फोर्ड थंडरबोल्ट आली. ‘दुकानातली गाडी’ ही कल्पना ताणून ताणून कुठवर नेता येते हे पाहायचं असेल, तर या गाडीजवळ थोडं थांबावं लागेल.

नावाला ती फोर्डची मध्यम आकाराची, कुटुंबवत्सल फेअरलेन. डिअरबॉर्न स्टील ट्यूबिंग या कारखान्यात तिच्यात ४२७ घन इंचांचं, खरं तर मोठ्या गाडीसाठीचं, इंजिन कोंबलं जाई. ते मावावं म्हणून पुढच्या सस्पेन्शनच्या जागा कापून नव्याने बनवाव्या लागत. चार हेडलाइटपैकी आतले दोन काढून त्या भोकांवर जाळी बसवलेली, आणि तिथून जाड नळ्या थेट कार्ब्युरेटरवरच्या हवेच्या पेटीत. गाडी पळेल तशी थंड हवा आत शिरावी म्हणून. फेंडर आणि बोनेट फायबरग्लासचं. बाजूच्या काचांच्या जागी प्लास्टिक. रेडिओ नाही, हीटर नाही, हात टेकायला आर्मरेस्ट नाही, प्रवाशाच्या बाजूचा वायपर नाही. डिकीत मात्र ट्रकची अवजड बॅटरी, तीही उजव्या मागच्या चाकावर, कारण सुटताना त्याच चाकाची पकड सुटते. वजन वाचवण्यासाठी वायपर काढायचा आणि दुसरीकडे जाणूनबुजून जड बॅटरी टाकायची! सुरुवातीला पुढचा बंपरही फायबरग्लासचा होता. त्यावर हरकत निघाल्यावर तो ॲल्युमिनियमचा केला.

ही सगळी काटछाट मनाला येईल तशी नव्हती. इंजिनाच्या प्रत्येक घन इंचामागे किमान साडेसात पौंड वजन हवं, असा नियम होता. ४२७ गुणिले साडेसात म्हणजे जेमतेम ३२०० पौंड, आणि थंडरबोल्ट त्या रेषेच्या किंचित वर उभी होती. एक पाटी लावून कंपनीने गिऱ्हाइकाला कळवलं होतं, की ही गाडी स्पर्धेसाठी हलकी बनवलेली आहे, तेव्हा नेहमीच्या गाडीचं फिनिशिंग हिच्यात शोधू नका. अशा सुमारे शंभर गाड्या बनल्या. दुकानात जाऊन, पैसे मोजून कुणालाही ती घेता येत होती, म्हणून ती स्टॉक. त्या वर्षी गॅस रोंडाने थंडरबोल्टवर एनएचआरएचं जागतिक विजेतेपद मिळवलं.

याच्याही पुढे १९६५ मध्ये क्रायस्लरने मागची आणि पुढची चाकं जागची हलवून विचित्र ध्यान असलेल्या गाड्या काढल्या. एनएचआरएने त्यांना दार बंद केलं, तेव्हा त्या प्रतिस्पर्धी संघटनेकडे गेल्या आणि त्यांच्यापासून पुढे ‘फनी कार’ नावाचा वेगळाच पंथ निघाला. तो आपला विषय नव्हे. पण त्या पंथाने एक उपकार केला. ज्यांना हाताबाहेर जायचं होतं ते तिकडे गेले आणि स्टॉकवाल्यांना पुन्हा स्टॉककडे पाहायला फुरसत मिळाली.

या काळात शर्यतीची खरी जागा सुरुवातीच्या रेषेवरून तपासणीच्या छपराखाली सरकली. जिंकलेली गाडी सरळ घरी न्यायची नाही. ती तपासणीला आणायची, हेड उतरवायचं आणि निरीक्षकांच्या हवाली करायचं. निरीक्षक हेड उलटं ठेवून ज्वलनकक्षावर भोक पाडलेली पारदर्शक पट्टी ग्रीस लावून चिकटवतो आणि प्रयोगशाळेतल्यासारख्या ब्युरेटमधून थेंब थेंब द्रव सोडतो. कक्ष भरायला किती घन सेंटिमीटर लागले हे कंपनीने कळवलेल्या आकड्याशी ताडून पाहतो. कक्ष लहान निघाला, म्हणजे कॉम्प्रेशन वाढवलं, गाडी बाद. मग वाल्व्हचा व्यास, कॅमशाफ्टची उचल, कार्ब्युरेटरच्या घशाचं माप. बाजूला चालक आणि त्याचा मिस्त्री उभे असतात, आणि पाव मैल पळताना झाली नसेल एवढी धडधड त्यांना इथे होते.

आणि इथेच ‘ब्लूप्रिंटिंग’ची कला बहरली. कारखान्यात बनणाऱ्या प्रत्येक भागाला थोडी सूट असते. माप एवढ्यापासून एवढ्यापर्यंत चालेल, असं नकाशावर लिहिलेलं असतं. कारखान्यातून येणाऱ्या इंजिनात काही मापं इकडे असतात, काही तिकडे. स्टॉकवाला करायचा काय, तर सगळं इंजिन सुटं करून प्रत्येक भाग त्या सुटीच्या आपल्या फायद्याच्या काठावर आणून ठेवायचा. ज्वलनकक्ष परवानगीतला सर्वांत लहान. पिस्टन परवानगीतला सर्वांत उंच. चारदोन हेड मापून त्यातलं बरं निवडायचं. एकाही मापात खोट नाही, आणि तरी असं इंजिन कारखान्याच्या पट्ट्यावरून योगायोगाने लाखात एखादं उतरलं तर उतरलं. याला लबाडी म्हणावं का, यावर ड्रॅगवाल्यांत आजही दोन तट पडतात. मला विचाराल तर यात लबाडी नाही. नियम जसा लिहिला आहे तसाच, एका अक्षराचाही उपमर्द न करता, तो पाळला आहे.

या कलेचे दोन उस्ताद १९६६ मध्ये समोरासमोर आले. दोघेही पेनसिल्व्हेनियाचे. बिल जेंकिन्स कॉर्नेल विद्यापीठातलं इंजिनिअरिंगचं शिक्षण अर्धवट सोडून आलेला, तोंडात सिगार, कपाळावर आठी. त्याला लोकांनी ‘ग्रम्पी’, म्हणजे कुरकुऱ्या, असं नाव पाडलं आणि त्याने गाडीवरच ते रंगवून घेतलं. त्याच्याकडे शेवरोलेची छोटी शेवी टू आणि फक्त ३२७ घन इंचांचं इंजिन. समोर एग्झॉस्टचे हेडर बनवणारा जेरी स्टाल आणि त्याची ४२६ घन इंच हेमीवाली प्लिमथ. भागाकाराच्या हिशेबाने दोन्ही एकाच वर्गात, ‘ए-स्टॉक’मध्ये. शंभर घन इंचांचा फरक कागदाने मिटवला होता आणि उरलेला जेंकिन्सच्या हातांनी. दोघांच्याही गाड्या साडेअकरा सेकंदांच्या आसपास जात होत्या. वर्षअखेर किताब स्टालकडे गेला, पण बड्या कंपनीच्या हत्तीला घाम फोडणारी ती पांढरी छोटी गाडी लोकांच्या जास्त लक्षात राहिली.

त्याच वर्षी पोमोनाच्या हिवाळी स्पर्धेत शर्ली शाहानने प्लिमथवर ‘टॉप स्टॉक’ जिंकलं. एनएचआरएची राष्ट्रीय स्पर्धा जिंकणारी ती पहिली स्त्री. इंजिनाचं काम तिचा नवरा पाहायचा आणि गाडी ती हाणायची. स्टॉक गटातच हे पहिल्यांदा घडावं यात मला नवल वाटत नाही. तिथे गाडी ओळखीची होती, घरची होती. मैदानात यायला कुणा कारखान्याचा चालक असावं लागत नव्हतं.

घरची म्हणावं तर अक्षरशः. खालच्या वर्गांत, ज्यांना ‘ज्युनियर स्टॉक’ म्हणत, १९५५ ते ५७च्या शेवरोले स्टेशन वॅगनना सोन्याचा भाव आला होता. वॅगन म्हणजे मागे सामान आणि पोरंबाळं भरायची लांबलचक गाडी. पण तिचं वजन जास्त, म्हणून भागाकार जास्त, म्हणून वर्ग खालचा. शिवाय ते जादा वजन मागच्या चाकांवर, जिथे सुटताना पकड हवी तिथेच. स्टॉक गाडीला त्या काळी मागचा टायर सात इंचांपेक्षा रुंद लावता येत नसे. इतक्या अरुंद टायरवर ताकद टिकवायची तर पाठीवर वजन हवं. वाणसामान आणायची गाडी अशी पाव मैलाची राणी झाली.

वर्ग इतके वाढले, की सगळ्यांना एका किताबासाठी झुंजवायचं कसं हा प्रश्न आला. याचं उत्तर १९६३ मध्येच येऊन ठेपलं होतं : ‘ख्रिसमस ट्री’ म्हणून ओळखला जाणारा दिव्यांचा खांब. त्याआधी निशाणवाला झेंडा उडवायचा आणि त्याच्या खांद्याच्या हालचालीवरून चालक अंदाज बांधायचे. दिव्यांमुळे दोन गाड्यांना वेगवेगळ्या क्षणी हिरवा दाखवता येऊ लागला. हळू गाडीला आधी सोडायचं, वेगवान गाडीला मागून, आणि मधलं अंतर ठरवायचं ते दोन्ही वर्गांच्या राष्ट्रीय विक्रमांतल्या फरकावरून.

दिसायला न्याय्य, पण यातही मेख होती. तुम्ही आपल्या वर्गाचा विक्रम मोडलात की पुढच्या वेळी तुम्हाला तेवढंच उशिरा सोडणार. म्हणजे जो जास्त वेगाने पळेल तो स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेणार. मग हजार फुटांपर्यंत जीव तोडून पळायचं, समोरचा मागे पडलेला दिसला की ब्रेक दाबायचा, हे तंत्र झालं. वेगाच्या शर्यतीत प्रेक्षकांना शेवटी धूर दिसायचा तो ब्रेकचा.

जेंकिन्ससारख्यांना याचा उबग आला. आम्हाला सवलत नको, एकाच वेळी सोडा आणि जो आधी पोचेल तो जिंको, या आग्रहातून १९७० मध्ये ‘प्रो स्टॉक’ हा गट निघाला. पहिल्याच स्पर्धेत, पोमोनाला, जेंकिन्सने कमॅरोवर रॉनी सॉक्सला हरवून तो जिंकला. नावात स्टॉक राहिलं, पण काही वर्षांतच त्या गाड्यांचा आणि दुकानाचा संबंध संपला.

मागे राहिलेल्या स्टॉक आणि सुपर स्टॉकसाठी साठच्या दशकाची अखेर कंपन्यांनी दोन अजब देणग्यांनी साजरी केली. १९६८ मध्ये क्रायस्लरने हर्स्ट कंपनीकडून हेमी इंजिनाच्या डार्ट आणि बाराकुडा बनवून घेतल्या. फायबरग्लासचे फेंडर, ॲसिडात बुडवून पातळ केलेले दरवाजे, आणि काच वर-खाली करायला हँडलऐवजी चक्क पट्टा. गाडी रंग न देताच हातात मिळे आणि वॉरंटी नाही, असं बजावलेलं असे. दुसऱ्या वर्षी इलिनॉयमधल्या ला हार्प या छोट्या गावातले शेवरोले विक्रेते फ्रेड गिब यांनी सगळं ॲल्युमिनियम असलेल्या ४२७ इंजिनाच्या कमॅरो मागवल्या. नियमात बसायला पन्नास हव्या होत्या, म्हणून त्यांनी पन्नास मागवल्या. गाड्या आल्या तेव्हा किंमत सात हजार डॉलरच्या वर. एकट्या इंजिनाचीच चार हजारांहून जास्त. साध्या कमॅरोच्या दुपटीहून महाग गाडी त्या गावात घेणार कोण? बऱ्याच गाड्या कंपनीला परत घेऊन इतर विक्रेत्यांना वाटाव्या लागल्या. एकूण ६९ बनल्या. आज त्यातली एखादी लिलावात आली की संग्राहक रांग लावतात.

आणि मग तो भागाकारच कोसळला. १९७२ पासून अमेरिकी कंपन्या अश्वशक्ती मोजायच्या नव्या पद्धतीवर गेल्या. पूर्वी उघडं इंजिन स्टँडवर बसवून मोजत. आता पंखा, अल्टरनेटर, सायलेन्सर सगळं लावून मोजू लागले. आकडे झर्रकन खाली आले. त्यातच प्रदूषणाचे कायदे, कमी केलेलं कॉम्प्रेशन आणि १९७३चं तेलसंकट. मोठाली इंजिनं शंभर-दीडशे अश्वशक्तीची म्हणून विकली जाऊ लागली. एनएचआरए कोब्रा जेटसारख्या इंजिनांना आधीपासूनच कंपनीचा आकडा बाजूला सारून आपला आकडा लावत असे. आता ते तिचं कायमचं काम होऊन बसलं. अमुक इंजिन, अमुक कार्ब्युरेटर, म्हणून अमुक अश्वशक्ती. गाडी फार पळायला लागली की आकडा वाढवायचा. यात गंमत अशी, की कंपनीने मरगळलेलं म्हणून विकलेलं सत्तरच्या दशकातलं एखादं इंजिन ब्लूप्रिंटवाल्याच्या हातात पडलं आणि कागदावर त्याची अश्वशक्ती अजून कमीच असली, तर ते घबाडच. रस्त्यावर ज्या गाडीला कुणी विचारलं नाही ती भंगारवाल्याकडून शोधून आणून माणसं स्पर्धा जिंकू लागली.

नियम हळूहळू सैलही झाले. कॅमशाफ्टची उचल कंपनीचीच हवी, पण वाल्व्ह किती वेळ उघडा ठेवायचा ते तुमचं तुम्ही ठरवा. वाल्व्हच्या स्प्रिंगा हव्या त्या. एग्झॉस्टला हेडर चालतील. टायर सातावरून नऊ इंचांवर. हेड, इनटेक मॅनिफोल्ड आणि कार्ब्युरेटर मात्र मूळचेच. यातून जो वेग आला त्याने भल्याभल्यांना चकवलं. धावपट्टीवर चिकट रसायन मारायची पद्धत, चांगले टॉर्क कन्व्हर्टर, पातळ रिंगा, हलकं तेल, मागच्या सस्पेन्शनची समज, यातलं काहीही ‘इंजिनाची ताकद’ या सदरात मोडत नाही. पण साठच्या दशकात बारा सेकंद घेणारी तीच ४२७ची कमॅरो, त्याच ओतीव हेडसकट, आज दहा सेकंदांच्या आत येते आणि सुटताना पुढची चाकं हवेत उचलते. हर्स्टने बनवलेल्या १९६८च्या हेमी गाड्या तर सुपर स्टॉकमध्ये साडेआठ सेकंदांच्याही आत गेल्या.

सवलतीची पद्धतही बदलली. विक्रमाऐवजी प्रत्येक वर्गाला एक ठरावीक वेळ, ‘इंडेक्स’, आणि त्याच्या आत किती जाणार याचा आकडा चालकाने स्वतःच द्यायचा. तो खिडकीच्या काचेवर पांढऱ्या बूटपॉलिशने लिहिलेला असतो. सांगितल्यापेक्षा कमी वेळ घेतला तर बाद. एकाच वर्गातल्या दोन गाड्या समोर आल्या की सवलत रद्द, सरळ झुंज. म्हणून मुरलेला स्टॉकवाला गाडी दोन प्रकारे बांधतो : रोज तेवढ्याच वेळात पळणारी आणि गरज पडली तर त्याहून पुष्कळ जोरात पळू शकणारी. हे दुसरं तो होता होईल तो दाखवत नाही, कारण इंडेक्सच्या फार आत गेलेल्या गाडीची अश्वशक्ती संघटना वाढवते. हिशेब आता संगणक करतो, फरक एवढाच.

चाळीस वर्षांनी कंपन्या परतल्या. फोर्डने २००८ मध्ये जुन्याच नावाने पन्नास कोब्रा जेट मस्टँग बनवल्या, सुपरचार्जर लावलेल्या, रस्त्यावर चालवायला बंदी असलेल्या. २००९च्या हिवाळी स्पर्धेत जॉन कॅल्व्हर्टने त्यातल्या एकीवर स्टॉक गट जिंकला; जागा तीच, पोमोना. डॉजने ‘ड्रॅग पॅक’ चॅलेंजर काढली, आणि २०१२ मध्ये शेवरोलेने ‘कोपो’ नावाची कमॅरो आणली, गिब यांच्या वेळेइतक्याच, बरोबर ६९. जुन्या मंडळींनी नाकं मुरडली. जी गाडी दुकानातून घेऊन घरापर्यंतसुद्धा चालवत नेता येत नाही ती कसली स्टॉक? प्रश्न रास्त आहे. पण थंडरबोल्टलाही तो विचारता आला असता. या नव्या गाड्यांसाठी पुढे ‘फॅक्टरी स्टॉक शोडाउन’ हा सवलतीविना पळण्याचा वेगळा गट झाला आणि त्या आठ सेकंदांच्या आत पळू लागल्या.

दरम्यान खरोखरीच दुकानात मिळणारी, नंबरप्लेट लावून पेट्रोल पंपावर जाणारी गाडी या सगळ्यांना गाठायला निघाली होती. २०१७ मध्ये डॉजने चॅलेंजर डेमन दाखवली. पाव मैल ९.६५ सेकंद, आणि हा आकडा एनएचआरएनेच प्रमाणित केलेला. दहा सेकंदांच्या आत जायचं तर चालकाभोवती लोखंडी पिंजरा हवा, असा संघटनेचा नियम. डेमनमध्ये तो नव्हता, म्हणून तिला संघटनेच्या शर्यतींत मनाई. पुढे संघटनेने नव्या गाड्यांपुरती ही मर्यादा नऊ सेकंद आणि ताशी १५० मैलांपर्यंत सैल केली. २०२३ मध्ये डेमन १७० आली : १,०२५ अश्वशक्ती, ८.९१ सेकंद, ताशी १५१ मैल. दोन्ही मर्यादा जेमतेम ओलांडलेल्या. संघटनेने पुन्हा मनाईचं पत्र पाठवलं. डॉजने ते पत्र लपवलं नाही, जाहिरातीत मिरवलं.